लिलावात आलेलं चिनी कांस्यपात्र घ्यावं का?

नदीकाठ
नमस्कार मंडळी. मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये, पूर्वेकडच्या एका लहान गावात राहतो. इथे एक जुनं लिलावघर आहे. घरं रिकामी केली की लोकांचं सामान तिथे येतं: कपाटं, घड्याळं, चांदीचे चमचे. मी अधूनमधून नुसता बघायला जातो. गेल्या शनिवारी तिथे एक चिनी पात्र पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

यादीत लिहिलंय: कांस्य ग्वेइ, पश्चिम झोऊ काळ, इ.स.पू. नववं शतक. अपेक्षित किंमत ४,००० ते ६,००० पौंड. आधीच्या मालकाबद्दल एकच ओळ, 'एका सद्गृहस्थांच्या संग्रहातून, वारशाने आलेलं'.

पाहणीच्या दिवशी वस्तू हातात घ्यायला देतात. आपल्या मोठ्या सटाएवढं पात्र, पण दोन्ही हातांनी उचलावं लागलं इतकं जड. दोन बाजूंना दोन कान, प्रत्येक कानाच्या वरच्या टोकाला शिंगं असलेलं एका प्राण्याचं तोंड. रंग हिरवा, मध्येच एक निळसर चट्टा. काठावर एके ठिकाणी अंगठा ठेवला तिथे धातू गुळगुळीत लागला. आत वाकून पाहिलं तर तळाशी चिनी अक्षरांच्या दोन ओळी. एका अक्षराच्या खाली उजवीकडे दोन बारीक आडव्या रेघा आहेत, त्या ओरखडे असाव्यात.

गाडी बदलायला पैसे साठवले आहेत. बायको म्हणाली, गाडी अजून दोन वर्षं चालेल, पण हे घेण्याआधी कुणाला तरी विचार. म्हणून विचारतोय. हे खरं असेल का? आणि खरं असेल तर घ्यावं का? लिलाव पुढच्या गुरुवारी आहे. फोटो खाली जोडले आहेत.

रानमेवा
काय सुंदर आहे हो! ग्वेइ म्हणजे काय पण? कशासाठी वापरत?

शेवंती
वाचतेय. फोटो क्र. ३ मधला प्राणी मांजरासारखा दिसतोय मला.

वाटसरू
घ्या. विचार करत बसलात तर दुसरा कुणीतरी घेईल. २०१७ साली न्यूयॉर्कला ओसाकाच्या फुजिता संग्रहालयाचा चिनी संग्रह लिलावात निघाला, त्यातलं एक चौकोनी मद्यपात्र ३ कोटी ७२ लाख डॉलरला गेलं. तुमच्याकडे त्याच घराण्यातली वस्तू गाडीच्या किमतीत येतेय. सगळ्या जगाच्या वस्तू संग्रहालयांनीच ठेवाव्यात असं थोडंच आहे? त्यांच्या तळघरात किती माल वर्षानुवर्षं कुणी न बघता पडून असतो. प्रेमाने जपणारा माणूस कधीही बरा.

गोदातीर
@रानमेवा, ग्वेइ म्हणजे शिजवलेलं धान्य ठेवायचं पात्र. उत्तर चीनमध्ये तेव्हा भातापेक्षा राळा जास्त खात, तेव्हा राळ्याचा भात समजा. दिंग हे मांस शिजवायचं पायांचं भांडं, आणि ज्वे, गू, झुन, लेइ ही मद्याची. पण ही रोजच्या जेवणाची भांडी नव्हती. पूर्वजांना नैवेद्य दाखवायची भांडी होती. झोऊ काळात कुणी किती दिंग आणि किती ग्वेइ मांडायची हेही पदावर ठरे. राजाला नऊ दिंग, आठ ग्वेइ, खालच्या सरदारांना त्या मानाने कमी.

@नदीकाठ, त्या दोन रेघा ओरखडे नाहीत! मी फोटो मोठा करून पाहिला आणि अक्षरशः खुर्चीतून उठले. जुन्या चिनी लेखात एखादं अक्षर दोनदा वाचायचं असेल तर त्याच्या खाली अशा दोन छोट्या रेघा देत. तुमच्या फोटोत नीट बघा, लगतच्या दुसऱ्या अक्षराखालीही तशाच आहेत, फक्त तिथे मातीचा थर बसलाय. पहिलं अक्षर 'मुलगा', दुसरं 'नातू'. दोन्ही दोनदा वाचायची. सगळं मिळून होतं: 'झ झ सुन सुन योंग बाओ योंग'. म्हणजे मुलांनी, त्यांच्या मुलांनी, नातवंडांनी, पतवंडांनी हे कायम जपावं आणि वापरावं. पश्चिम झोऊ काळातल्या कितीतरी पात्रांवर शेवटी हीच ओळ असते.

शेवंती
गोदातीर, अंगावर काटा आला. म्हणजे हे भांडं स्वतःच सांगतंय की मला घरात ठेवा.

आणि हे आपल्याकडेही आहे की. माझ्या आजीच्या पितळी घागरीवर ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलंय, खाली 'माहेरून भेट' आणि १९५१ साल. लग्नात मिळालेल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असायचंच. आजी भांडी घासताना नाव वाचून त्या माणसाची आठवण काढायची.

आडवाट
शेवंती +१. आमच्याकडे एक मोठं तपेलं आहे, त्यावर 'कै. वडिलांचे स्मरणार्थ' एवढंच लिहिलंय. कुणाचे वडील, कुणी लिहिलं, आता कुणालाच सांगता येत नाही. दरवर्षी पितृपक्षात खीर त्यातच होते.

कोकणकडा
आमच्या गावच्या देवळातल्या समईवर देणाऱ्याचं नाव आणि नवस काय होता तेही आहे. मुलगा बोटीवरून सुखरूप परत आला म्हणून.

कासारवाडा
मंडळी, नावाप्रमाणेच आमचं घर कासारांचं. आता दुकानात स्टीलच जास्त विकतो, पण वडिलांनी हातात हातोडा दिला होता, म्हणून दोन शब्द लिहितो.

कांस्य म्हणजे आपलं कासं. तुमच्या घरी तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी असेल ना, तोच धातू. तांबं आणि कथील. आपलं कासं साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, आणि ते तापवून ठोकून घडवतात. चिनी लोक त्यात शिसंही घालत, त्यामुळे रस पातळ होऊन साच्याच्या बारीक नक्षीत नीट शिरतो. आणि ते ठोकत नसत, ओतत. ओतायची रीतही आपल्यापेक्षा निराळी. आपल्याकडे मूर्ती ओततात ती मेण घालवून: मेणाची मूर्ती, त्यावर माती, भाजली की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत रस. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकात, ही रीत लिहून ठेवलीय. चिनी कारागीर आधी मातीचं पात्र करायचे, त्यावर ओल्या मातीच्या पाट्या दाबून ठसा घ्यायचे, त्या पाट्या कापून सोडवायच्या, भाजायच्या, आणि आतल्या पात्राचा वरचा थर खरवडायचा. जेवढा थर खरवडला तेवढी धातूची जाडी. मग पाट्या पुन्हा भोवती जुळवून रस ओतायचा. पाटी आणि गाभा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये धातूचे छोटे तुकडे ठेवायचे.

@नदीकाठ, पुन्हा जाता आलं तर टॉर्च न्या आणि मालकाला विचारून या गोष्टी बघा.
पाट्यांच्या जोडाची बारीक उभी रेघ कानाखाली किंवा पायाच्या कड्यावर दिसते का. नक्षी त्या रेघेपाशी नीट जुळते की मध्येच तुटते.
अक्षरं ओतीव आहेत की नंतर कोरलेली. लेख असला की किंमत वाढते, म्हणून साध्या जुन्या पात्रावर लेख कोरणारे पूर्वीपासून आहेत. कोरलेल्या अक्षराची कड धारदार असते आणि हिरवा थर तिथे कापल्यासारखा तुटतो. ओतीव अक्षराच्या खोबणीत थर सलग उतरतो.
हिरवा रंग धातूतून वर आलाय की वरून लावलाय. लावलेला रंग असेटोनच्या बोळ्याला सुटतो. पण परवानगीशिवाय बोळा लावू नका.

तिसरी घंटा
कासारवाडा, निव्वळ वाचतच राहावं असं लिहिलंत. वाचनखूण साठवली. एक पुस्ती जोडतो: जुनं नाही म्हणजे लबाडीच असं नसतं. सोंग काळात, म्हणजे बाराव्या शतकात, सम्राट हुइझोंगने आपल्या जुन्या पात्रांची चित्रांसह सूचीच करवली होती. तेव्हापासून मिंग-छिंग काळापर्यंत जुन्या घाटाची पात्रं आदराने पुन्हा ओतली जात, देवळासाठी, अभ्यासिकेसाठी. त्यामुळे हे पात्र चारशे वर्षांचंही निघू शकतं.

ज्येष्ठमध
धागा आत्ता पाहिला. निवृत्त आहे, वेळ आहे, थोडं सविस्तर लिहितो.

नदीकाठ, तुम्ही राहता त्याच देशात २०१८ च्या एप्रिलमध्ये कँटरबरीच्या एका लिलावात 'टायगर यिंग' नावाचं पश्चिम झोऊ काळातलं जलपात्र आलं. चोचीवर आणि झाकणावर वाघ. अशी पात्रं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. ते घरी आणलं होतं रॉयल मरीन्समधल्या हॅरी लुईस इव्हान्स या कॅप्टनने, आणि आणलं कुठून तर पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) उन्हाळी राजवाड्यातून, १८६० साली, इंग्रज-फ्रेंच फौजांनी केलेल्या लुटीत. त्याची पत्रंही पात्रासोबत होती. चीनच्या सांस्कृतिक वारसा खात्याने लिलाव थांबवा म्हणून सांगितलं, तरी तो झाला. ४ लाख १० हजार पौंडांना गेलं. पुढे ज्याने घेतलं त्याने नाव न सांगता ते चीनला देऊन टाकलं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचलं.

त्या लुटीत आपल्या इकडच्या पलटणीही होत्या, शीख घोडदळ आणि पंजाबी पायदळ. लुटीनंतर राजवाडा जाळायचा हुकूम दिला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी लॉर्ड एल्गिनने, १८ ऑक्टोबर १८६० ला. पुढे दीडच वर्षात तोच एल्गिन हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला आणि १८६३ मध्ये धरमशालेला वारला. मॅक्लिओडगंजच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. आम्ही पर्यटनाला गेलो होतो, देवदारांच्या सावलीत छान शांत जागा. तिथे उभं राहून मला तो धूर आठवला. मी पाहिलेला नाही, पण वाचलेला आहे.

'वारशाने आलेलं' या दोन शब्दांच्या मागे काय काय असू शकतं, एवढंच सांगायचं होतं.

वाटसरू
ज्येष्ठमध काका, मान्य. पण दुसरी बाजूही बघा. सांस्कृतिक क्रांतीत चीनमध्येच किती जुन्या वस्तू फोडल्या, वितळवल्या. बाहेर गेलं ते निदान वाचलं. नदीकाठ यांनी काही कुणाला लुटलेलं नाही.

गोदातीर
वाटसरू, वितळवण्यावरून एक गोष्ट सांगते, ती दोन्हीकडे लागू पडते.

१९६३ मध्ये शान्शी प्रांतातल्या बाओजीजवळ एक कांस्यपात्र सापडलं. घरात काही वर्षं होतं, मग १९६५ मध्ये भंगारात विकलं गेलं. बाओजीच्या संग्रहालयातल्या माणसाला ते भंगाराच्या ढिगात दिसलं, त्यांनी ३० युआन देऊन सोडवून आणलं. १० वर्षांनी शांघाय संग्रहालयाच्या मा चंगयुआन यांनी आतला गंज साफ केला तेव्हा तळाशी १२२ अक्षरांचा लेख निघाला. त्यात 'झोंग क्वो' हे दोन शब्द आहेत. आज चिनी लोक आपल्या देशाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव, आतापर्यंत सापडलेलं सगळ्यात जुनं. पात्राचं नाव 'हे झुन'. ३० युआनची मोड!

म्हणजे वाचवणारा माणूस लागतो हे तुमचं खरं. पण तो माणूस तिथल्या तिथे, ते पात्र कुठून आलं हे माहीत असलेला होता, म्हणून त्या लेखाचा अर्थ लागला.

आडवाट
बाप रे. आमच्या दैमाबादची आठवण झाली. प्रवरेकाठी, नगर जिल्ह्यात, १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार कांस्यमूर्ती सापडल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्या भरीव, मिळून ६० किलोच्या वर वजन. तेव्हाच्या मोडीच्या भावाने चांगले पैसे आले असते. त्या मोडीत गेल्या नाहीत म्हणून आज आपल्याला बघायला मिळतात.

काळा_कोट
कायद्याचं थोडक्यात. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार आहे. भारत १९७७ मध्ये, चीन १९८९ मध्ये, ब्रिटन २००२ मध्ये त्यात आला. ब्रिटनमध्ये २००३ चा वेगळा कायदाही आहे: अवैध खणून काढलेली वस्तू आहे हे माहीत असताना अप्रामाणिकपणे तिचा व्यवहार केला तर गुन्हा. तो मागच्या काळाला लागू होत नाही. अमेरिकेने २००९ मध्ये चीनशी करार करून अशा जुन्या कांस्यपात्रांच्या आयातीवर बंधनं घातली. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

तात्पर्य, १८६० ची लूट आज कायद्याने सहसा पकडली जात नाही. १९९० ची चोरी पकडली जाऊ शकते. म्हणून लिलावघराला लेखी विचारा: कुणी घेतलं, कुठे घेतलं, कोणत्या साली, काही पावती, पत्र, जुना फोटो आहे का. उत्तर काय येतं ते इथे लिहा.

रानमेवा
माझी सात वर्षांची मुलगी मागून वाचत होती. विचारते, मांजराच्या भांड्यात मी दूध पोहे खाऊ का?

कासारवाडा
बाळाला सांगा, त्यात शिसं आहे, पोहे स्टीलच्या वाटीतच बरे :)

गोदातीर
आता मी मूळ प्रश्नाकडे येते, पण एका वळणाने.

मी नोकरीनिमित्त चीनच्या हुनान प्रांतात, चांगशाला दोन वर्षं होते. तिथल्या हुनान संग्रहालयात 'मिन फांगलेइ' आहे, शांग काळाच्या (झोऊंच्या आधीच्या राजघराण्याच्या) अखेरीचं चौकोनी मद्यपात्र. १९२० च्या आसपास हुनानच्या ताओयुआन भागात जमिनीतून निघालं. आणि मग त्याची ताटातूट झाली. धड व्यापाऱ्यांच्या हातून देशाबाहेर गेलं, जपानमध्ये राहिलं, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९२ लाख डॉलरच्या वर गेलं. झाकण मात्र हुनानमध्येच राहिलं, पुढे संग्रहालयात आलं. जवळजवळ शंभर वर्षं झाकण एकीकडे, धड दुसरीकडे.

मार्च २०१४ मध्ये धड पुन्हा न्यूयॉर्कला लिलावात यायचं ठरलं. तेव्हा हुनानचे संग्राहक एकत्र आले, संग्रहालयाने लिलावघराला पत्र लिहिलं, आणि लिलाव न होता खासगी व्यवहारात ते हुनानला द्यायचं ठरलं. तपासायला गेलेली माणसं मूळ झाकण नेऊ शकत नव्हती, म्हणून त्याची त्रिमिती छपाईने केलेली प्रतिकृती घेऊन गेली आणि धडावर बसवून पाहिली. बसली! जून २०१४ मध्ये धड चांगशाला आलं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काचेपाशी गर्दी होती. माझ्या शेजारी एक आजी नातवाला उचलून दाखवत होत्या. झाकणाचा आणि धडाचा हिरवा रंग अगदी थोडा वेगळा आहे. दोघांनी शंभर वर्षं वेगळी हवा खाल्ली, त्याचा फरक असावा असं मला आपलं वाटतं.

झाकणावर आठ अक्षरं आहेत, धडावर सहा. अर्थ असा की मिन घराण्यातल्या माणसाने हे 'फू जी'साठी करवलं. फू म्हणजे पिता. जी हे नाव नाही, तो वार आहे. शांग लोकांचा आठवडा दहा दिवसांचा, जी त्यातला सहावा. वारलेल्या माणसाला वार नेमून दिलेला असे, त्या वाराच्या नावाने त्याला ओळखायचं आणि त्या दिवशी नैवेद्य दाखवायचा.

आडवाट
म्हणजे आपली तिथीच की! माझ्या आजोबांचा उल्लेख घरात 'नवमीचे' असाच होतो.

कोकणकडा
पिता जी! हिंदीवाले ऐकून खूष होतील.

ज्येष्ठमध
गोदातीर, फार छान. आडवाट, अगदी. नेमकं बोट ठेवलंत.

वाटसरू
गोदातीर, माझं मत थोडं हललं हे कबूल करतो. पण मिन फांगलेइ राजेशाही वस्तू आहे. नदीकाठ यांचं लहानसं ग्वेइ कुणी परत मागणार नाही. असली हजारो असतील.

ज्येष्ठमध
वाटसरू, लहान असलं म्हणून काय झालं? १९७६ च्या डिसेंबरात शान्शीतल्याच फूफंग तालुक्यात, झ्वांगबाय गावी, शेतात एक खड्डा लागला. त्यात १०३ कांस्यपात्रं, एकमेकांत नीट रचून ठेवलेली. इ.स.पू. ७७१ मध्ये झोऊंच्या राजधानीवर हल्ला झाला तेव्हा त्या भागातल्या घराण्यांनी आपली भांडी पुरली आणि पळाले, असं मानतात. परत येऊन काढू या आशेने. कुणी परत आलं नाही. त्यांतली ७४ लेख असलेली, एकाच घराण्याच्या पिढ्यान् पिढ्यांची. एका थाळ्यावर २८४ अक्षरं आहेत, त्यात आधी राजांची आणि मग त्या घराण्यातल्या बापजाद्यांची हकीकत क्रमाने सांगितली आहे. सगळी भांडी एका खड्ड्यात मिळाली म्हणून कोण कुणाचा बाप, कोण आजा, हे जुळवता आलं. हीच १०३ भांडी रात्री चोरांनी काढून एकेक करून विकली असती, तर आज १०३ घरांत १०३ शोभेच्या वस्तू असत्या आणि त्या घराण्याचं नाव कुणाला कळलं नसतं. लहानातलं लहान भांडंसुद्धा त्या साखळीतली कडी असते.

नदीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा गेलो. टॉर्च नेला होता. काऊंटरवरच्या बाईंनी कापडी हातमोजे दिले.

कासारवाडा, तुम्ही सांगितलेली उभी रेघ दोन्ही कानांच्या आत सापडली. पायाच्या कड्यावरही आहे, आणि नक्षी तिच्यापाशी जुळते. अक्षरांच्या खोबणीत हिरवा थर सलग उतरलाय, मध्ये कुठे तुटत नाही. काठाजवळ टॉर्च तिरका धरला तर एक चौकोनी ठिगळ दिसतं, नखाएवढं, वेगळ्या छटेचं. फोटो क्र. ७ ते ११ बघा.

लेखी विचारलं होतं, त्याचंही उत्तर आलं. पावती नाही, पत्र नाही, फोटो नाही. देणाऱ्या कुटुंबाला आठवतं तेवढं असं: वडील हाँगकाँगला कामाला होते, तिथल्या एका दुकानातून त्यांनी आणलं, १९९० च्या आसपास.

कासारवाडा
फोटो पाहिले. ते ठिगळ म्हणजे मी म्हटलं तो मधला धातूचा तुकडा असणार. मी काही तज्ज्ञ नाही, आणि खात्री करायची तर क्ष-किरण आणि गाभ्याच्या मातीची चाचणी लागते. पण माझ्या डोळ्याला हे ओतीव आणि जुनं दिसतंय. ज्याने केलं त्याचा हात फार तयारीचा होता. कानाच्या आतली बाजू कुणाला दिसत नाही, तरी तिथलाही जोड त्याने घासून घेतलाय.

काळा_कोट
मग खरी अडचण इथूनच सुरू होते. १९८० आणि ९० च्या दशकांत चीनमधून चोरट्या खणकामातला माल हाँगकाँगच्या दुकानांत मोठ्या प्रमाणावर येत होता. वस्तू खोटी असली तर तुमचे पैसे गेले. खरी असली तर ती कुठल्या तरी थडग्यातून किंवा ज्येष्ठमध म्हणाले तशा खड्ड्यातून, बहुधा आपल्या हयातीतच, निघाली असण्याची शक्यता मोठी. मी तुमचा वकील असतो तर बोली लावू नका म्हटलं असतं.

गोदातीर
२०१९ मध्ये टोकियोच्या एका लिलावात प्राचीन चीनमधल्या 'झंग' राज्यातल्या एका सरदाराची आठ पात्रं आली होती. चिनी अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की ही तर अलीकडेच खणून पळवलेली आहेत. विक्री थांबली आणि त्याच ऑगस्टमध्ये आठही परत गेली. म्हणजे हे ऐकीव नाही, आजही चालू आहे. नदीकाठ, मला माहीत आहे तुमचा जीव त्यात गुंतलाय. माझाही गुंतलाय, फोटोतच.

तिसरी घंटा
लंडन जवळ असेल तर ब्रिटिश म्युझियमच्या ३३ नंबरच्या दालनात जाऊन या. तिथे 'खांग हौ ग्वेइ' आहे, तुमच्या पात्राचा थोरला भाऊ म्हणा. इ.स.पू. अकरावं शतक, २४ अक्षरं, राजाने शांगांवर चाल करून गेल्यावर आपल्या नातलगाला मुलूख कसा दिला त्याची नोंद. त्याच दालनाचा अर्धा भाग भारताचा आहे आणि टोकाला आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे दगड. आपल्याला दोन्ही टोकांना थांबावं लागतं.

वाटसरू
नदीकाठ, मी पहिल्यांदा 'घ्या' म्हणालो होतो. मागे घेतो. कडी निखळलेली साखळी घरात ठेवून काय करायचं.

नदीकाठ
काल लिलाव झाला. मी गेलो, पण बोलीचा नंबर घेतला नाही. मागच्या रांगेत बसलो.

२,००० पासून सुरू झालं. खोलीतले दोघे ४,००० ला थांबले, मग नुसत्या फोनवरच्या बोल्या. ९,५०० ला हातोडा पडला. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. पुढचा नंबर एका आरामखुर्चीचा होता. एका मुलाने पात्र उचलून आतल्या खोलीत नेलं, नेताना त्याने एका हाताने कान धरला होता. मला उठून सांगावंसं वाटलं की दोन्ही हातांनी धर.

आदल्या दिवशी मी त्या दोन ओळींचे फोटो आणि लिलावघराचं उत्तर, असं दोन्ही लंडनच्या चिनी वकिलातीला आणि लिलावघराच्या व्यवस्थापकांना एकाच पत्रात पाठवलं. कुणावर आरोप केलेला नाही. एवढंच लिहिलं की इथे असं एक पात्र आहे, त्यावर असा लेख आहे, आणि ते हाँगकाँगहून आलं असं कुटुंब सांगतं. काही होईल न होईल, नोंद राहील.

रात्री सांगलीला आईला फोन केला. ती म्हणाली, वाड्याची माळ्यावरची भांडी काढायला घेतलीत, मोडवाला रविवारी येणार आहे, किलोचा भाव चांगला आहे. मी विचारलं, नावं आहेत का त्यांवर? म्हणाली, असतील, कोण वाचतंय. भावाला सांगून आज सगळी खाली उतरवून घेतली. सतरा नग. एका काशाच्या ताटावर पणजीचं नाव आहे आणि बाकीचं काळ्या थरात गेलंय, वाचता येत नाही. मोडवाल्याला नको म्हणून सांगितलंय.

कासारवाडा
चिंच आणि मीठ लावून हलक्या हाताने घ्या म्हणावं, तारेची घासणी नको, ठिपके झिजतात. ताटाचा फोटो टाका. पितळेची असतील त्यांना कल्हई लागेल, सांगलीत कुठे करून मिळते ते विचारून कळवतो.